शिळी भाकर आणि आतड्यातले जिवाणू : पार्श्वभूमी

वऱ्हाडात ज्वारी हेच रोजचं अन्न होतं तेव्हा रात्रीची उरलेली भाकर सकाळी ताकात कुस्करून खायची आणि वावरात निघायचं, हे घरोघरी चालायचं. शिजलेलं पीठ थंड झालं की त्यातला थोडा स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो. लहान आतड्यात तो पचत नाही. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला येतो. अशा स्टार्चला विज्ञानात ‘रेझिस्टंट स्टार्च’ असं वेगळं नाव मिळालं ते 1982 मध्ये, हान्स इंग्लिस्ट यांच्या कामातून.

अन्न बदललं की जिवाणूचं कामही बदलतं, हे त्याआधीच कळलं होतं. पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी 1941 च्या सुमारास जिवाणूंना ग्लुकोज आणि दुधातली साखर एकत्र दिली. जिवाणूंनी आधी ग्लुकोज संपवलं, मग वाढ थोडी थांबली, आणि दुसऱ्या साखरेला लागणारी विकरं (एन्झाइम) तयार झाल्यावरच पुन्हा सुरू झाली.

पुढचा धागा मिळाला गुरांच्या पोटात. तिथले जिवाणू हवेत मरतात, म्हणून रॉबर्ट हंगेट यांनी ते प्राणवायूशिवाय वाढवायची पद्धत बसवली. कडबा खाऊन बैल दिवसभर औत ओढतो, ती ताकद बरीचशी या जिवाणूंनी बनवलेल्या आम्लांची असते. माणसाच्या मोठ्या आतड्यातही तीच आम्लं तयार होतात: अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. त्यातल्या ब्युटिरिकवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात, हे 1980 मध्ये रोएडिगर यांनी दाखवलं.

अन्नातले न पचणारे तंतू (फायबर) या जिवाणूंना कमी पडले तर? 2016 मध्ये माणसाच्या आतड्यातले 14 जातींचे जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडून पाहिलं गेलं. तंतू बंद होताच काही जिवाणू आतड्याचं संरक्षण करणारा श्लेष्माचा थरच खाऊ लागले. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

कारण आपल्याकडचं ताट याच काळात बदललं. खरिपाची ज्वारी काढणीच्या पावसात काळी पडायची, भाव मिळत नसे. शिवारात सोयाबीन आलं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा दर 1 रुपया किलो ठरला, तरी रेशनच्या थैलीत मुख्यतः गहू-तांदूळच येत राहिले. तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी अजून आहे आणि त्यांतूनही तंतू मिळतात. पण रोजच्या ताटात वजनाने सर्वांत जास्त असायची ती भाकर.