पार्श्वभूमी : पोलो ग्राउंड्सवरची १९०८ची बरोबरी

शिकागोच्या संघाने २०१६ साली १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकली, तेव्हा आधीचं विजेतेपद १९०८चं असल्याचं जो तो सांगत होता. त्या विजेतेपदाची वाट मात्र एका बरोबरीच्या सामन्यातून गेली होती, आणि तो सामना आजही एका पोराच्या घोडचुकीपुरताच आठवला जातो. हा त्या पोरावर अन्याय आहे.

१९०८च्या सप्टेंबरात नॅशनल लीगमध्ये (जिचा विजेता वर्ल्ड सिरीज खेळतो त्या दोन लीगपैकी एक) न्यूयॉर्क, शिकागो आणि पिट्सबर्ग यांच्यात जेमतेम फरक होता. २३ तारखेला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर शिकागोविरुद्ध नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात १-१ अशी स्थिती होती. दोन आउट झालेले, न्यूयॉर्कचे खेळाडू पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर. पहिल्या बेसवरचा अवघा १९ वर्षांचा. नेहमीच्या फर्स्ट बेसमनची कंबर धरल्यामुळे त्याला उतरवलेलं. पुढच्या बॅटरने सेंटर फील्डकडे चेंडू मारला, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू होम प्लेटवर आला, म्हणजे विजयी रन झाली, आणि प्रेक्षक मैदानात घुसले. गर्दी येताना पाहून पोरगा दुसऱ्या बेसच्या अर्ध्या वाटेतूनच क्लबहाउसकडे वळला. शिकागोच्या सेकंड बेसमनने चेंडू मागवला, दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि अपील केलं.

त्याच्या हातात तोच चेंडू होता का, यावर दोन्ही बाजूंचं कधीच एकमत झालं नाही. न्यूयॉर्कच्या एका पिचरने खरा चेंडू गर्दीत भिरकावला होता, असं खुद्द न्यूयॉर्कवालेच सांगत. तरीही मुख्य पंचांनी फोर्स आउट दिला : मागून बॅटर येत असल्याने पोराला दुसऱ्या बेसवर जाणं भागच होतं, आणि तो पोचण्याआधी चेंडू तिथे पोचला. इनिंग संपवणारा तिसरा आउटच फोर्सचा, म्हणून रन रद्द. मैदान माणसांनी भरलेलं, उजेड कमी होत चाललेला. सामना बरोबरीत सुटला आणि लीगच्या अध्यक्षांनीही तो निर्णय कायम ठेवला.

नियमाच्या अक्षरावर बोट ठेवलं तर निर्णय बरोबरच आहे. पण त्या काळी विजयी रन झाली की मागचे खेळाडू बेसला पाय न लावता सर्रास निघून जात, आणि पंच तिकडे पाहत नसत. त्याच महिन्यात, ४ तारखेला, पिट्सबर्गमध्ये दहाव्या इनिंगला हुबेहूब असंच घडलं होतं. बळी शिकागोचाच, अपील करणारा सेकंड बेसमन तोच, पंचही तेच. आपण पाहिलं नाही असं पंचांनी सांगितलं, पिट्सबर्गची १-० अशी जीत टिकली आणि शिकागोची तक्रार लीगने फेटाळली. म्हणजे पिट्सबर्गमध्ये जे चाललं, तेच १९ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये सामना हिरावून घ्यायला पुरेसं ठरलं. हे बाजूला ठेवून नुसतं त्या पोराला 'बोनहेड' (मठ्ठ) म्हणत राहणं मला पटत नाही.

मोसम संपला तेव्हा न्यूयॉर्क आणि शिकागो दोघांचेही ९८ विजय आणि ५५ पराभव. ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा खेळवला, शिकागोने तो ४-२ जिंकला आणि लीगही जिंकली. पुढे डेट्रॉइटला हरवून वर्ल्ड सिरीजही घेतली.

त्या पोराला त्याच्या मॅनेजरने कधी दोष दिला नाही. तो १९२६पर्यंत मेजर लीगमध्ये खेळला. पाच वर्ल्ड सिरीज खेळला, पाचही हरला, आणि त्यातली १९१८ची तर शिकागोच्याच संघातून खेळताना. निवृत्तीनंतर बेसबॉलपासून दूरच राहिला. १९५०मध्ये जुन्या खेळाडूंच्या सामन्यासाठी पोलो ग्राउंड्सवर आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याचं जोरदार स्वागत केलं.

तिसरा आउट फोर्सचा असेल तर रन नाही, हा नियम आजही तसाच आहे. मैदानात घुसणाऱ्या गर्दीची दखल आता नियमपुस्तकात आहे, पण तीही तिन्ही बेसवर खेळाडू असताना फोर्सने विजयी रन होते त्या प्रसंगापुरती. गर्दीने अडवलं तर होम प्लेट किंवा पहिला बेस बहाल करता येतो. दुसऱ्या बेसकडे निघालेल्या खेळाडूचा त्या सवलतीत उल्लेख नाही.