पंचावन्न इंचांचा हिशेब

मोठा टीव्ही घ्यायचा ठरला की आधी मोजायची टेप काढावी. आपण जिथे टेकून बसतो तिथपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत किती फूट आहेत, ते मोजून कागदावर लिहावं. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये ते साधारण दहा फूट भरतं. बजेट धरू चाळीस हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी ज्या टीव्हीला चाळीस पडायचे, त्यात एवढ्यानेच तीनेक हजार वाचले. पण ते कशावर घालवायचे, हे त्या दहा फुटांवर ठरतं.

डोळे तपासायला गेल्यावर भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता असतो, तो हर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये तयार केला. ६/६ नजर म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखणारी नजर. दहा फुटांवर हा बारकावा सुमारे ०.९ मिलिमीटर होतो. त्याहून जवळजवळ असलेले दोन ठिपके डोळ्याला एकच वाटतात. ५५ इंची पडदा १२२ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर फुल एचडीचे १९२० ठिपके आडवे मांडले तर एकेक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा. म्हणजे डोळ्याची मर्यादा फुल एचडीलाच संपली. फोर-केमध्ये आडवे ठिपके याच्या दुप्पट, म्हणून एकेक ठिपका निम्मा, ०.३२ मिलिमीटरचा, तो सुटा दिसायला पडद्यापासून साडेतीन फुटांवर बसावं लागेल. पोरांची नजर ६/६ पेक्षा तीक्ष्ण असते, त्यांना थोडा फरक कळेलही. पण चष्मा बाजूला ठेवून मालिका पाहणाऱ्या आजीसाठी फोर-के आणि फुल एचडी सारखेच.

आता ५५ इंचांत फुल एचडी शोधूनही फारसं मिळत नाही, त्यामुळे फोर-के आपसूक घरी येतंच. येऊ द्यावं. फक्त त्यासाठी वेगळे पैसे मोजतोय असं समजू नये.

उलटा हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. साध्या, एचडी नसलेल्या वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फोर-के पडद्यावर ठिपके असतात ८२,९४,४००. भागाकार करा, बरोब्बर वीस येतात. पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांतला एक वाहिनीने पाठवलेला, उरलेले एकोणीस टीव्हीतल्या चिपने शेजारपाजार पाहून अंदाजाने भरलेले! चिप बरी असेल तर चेहरा चेहऱ्यासारखा राहतो, सुमार असेल तर नायिकेच्या गालांवर मेण ओतल्यासारखं दिसतं. दुकानात मात्र कायम फोर-केचा खास व्हिडिओ चालू असतो. पोपट, ज्वालामुखी, मधाची धार. तुमच्या घरी वर्षातून किती वेळा मधाची धार पाहिली जाते? दुकानदाराला सांगून केबलवरची साधी वाहिनी लावायला लावा. तो जरा कुरकुरेल.

ठिपक्यांपेक्षा आकाराचा फरक डोळ्याला कितीतरी लवकर कळतो. दहा फुटांवरून ४३ इंची पडदा नजरेचा जेमतेम १८ अंशांचा तुकडा व्यापतो, ५५ इंची साडेबावीस, ६५ इंची साडेसव्वीस. सिनेमासाठी ३० अंशांच्या आसपास बरं, असा जुना संकेत आहे. आणि इंच तिरके मोजतात म्हणून फसायला होतं. ४३ वरून ५५ म्हणजे बारा इंचांचीच वाढ वाटते, पण क्षेत्रफळ ६४ टक्क्यांनी वाढतं.

मग किमती इंचांच्या प्रमाणात का वाढत नाहीत? याचं उत्तर सुताराकडे आहे. आठ बाय चारच्या प्लायमधून कपाटाचे पल्ले काढताना तो आधी मांडणी करून बघतो, कारण उरलेल्या तुकड्यांचे पैसे शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातात. टीव्हीची काचही अशीच एका मोठ्या तावातून कापतात. साडेआठव्या पिढीच्या कारखान्यातला ताव २.२ बाय २.५ मीटरचा. त्यातून ५५ इंचांचे सहा पडदे निघतात आणि नव्वद टक्क्यांहून जास्त काच कामी येते. त्याच तावातून ६५ इंचांचे मात्र तीनच बसतात आणि एक तृतीयांशाहून जास्त काच उरते. (त्या उरलेल्या पट्टीतून लहान पडदे काढायच्या युक्त्याही आहेत, पण तो वेगळा विषय.) पुढे साडेदहाव्या पिढीचे, २.९४ बाय ३.३७ मीटरच्या तावाचे कारखाने आले. त्यात ६५ इंचांचे आठ पडदे बसतात, तेव्हा कुठे ६५ इंची टीव्ही सामान्यांच्या आवाक्यात यायला लागला. तरी चाळीस हजारांत ६५ इंच बसवायचे तर कुठेतरी काटकसर होतेच, आणि ती बहुधा अशा जागी होते जिथे डोळा माफ करत नाही. ती जागा म्हणजे काळा रंग.

‘एलईडी टीव्ही’ हे नावच मुळात फसवं. चित्र एलईडी काढत नाहीत, ते फक्त मागून उजेड पाडतात. चित्र काढतात पुढच्या थरातले द्रवस्फटिक. हा पदार्थ प्रथम लक्षात आला १८८८ मध्ये फ्रिडरिख राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या, आणि तोही गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना! हे रेणू लाखो बारीक झडपांसारखे उघडमीट करतात. अडचण एवढीच की झडप पूर्ण बंद होत नाही. दाराखालच्या फटीतून उजेड यावा तसा तो झिरपतो आणि रात्रीचं आकाश करड्या रंगाचं दिसतं.

झडपांच्या दोन जाती बाजारात आहेत. व्हीए जातीच्या पॅनलमध्ये, म्हणजे पडद्यात, रेणू काचेला काटकोनात उभे असताना उजेड चांगला अडतो. त्यातला पांढरा काळ्याच्या तीन ते पाच हजार पट उजळ असतो. आयपीएसमध्ये हेच गुणोत्तर हजाराच्या आसपास, पण बाजूने पाहिलं तरी रंग उडत नाहीत. घरातली मंडळी समोर बसत असतील तर व्हीए घ्यावं, असं माझं स्पष्ट मत. स्वयंपाकघराच्या दारातून तिरपं पाहणारं कोणी असेल तर त्या माणसाला विचारून ठरवा. खोक्यावर ही जात क्वचितच छापलेली असते, आणि एकाच मॉडेलच्या ५० आणि ५५ इंचांत ती वेगळी असू शकते. म्हणून दुकानात अंधाराचं एखादं दृश्य लावून आधी समोरून, मग पार बाजूला जाऊन पाहावं.

क्यूएलईडीचं स्टिकर दिसलं की दुकानदाराचा आवाज चढतो. त्यातले क्वांटम डॉट्स खरोखर अद्भुत आहेत. काही नॅनोमीटरचे हे स्फटिक निळ्या उजेडातून, लहान असतील तर हिरवा आणि मोठे असतील तर लाल रंग काढून देतात. रंग केवळ आकारावर ठरतो! या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्याने लाल-हिरवा सुधारतो, काळा नाही. मागचा दिवा तोच, झडपाही त्याच. एचडीआरचंही तसंच, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद अंधार एकाच चित्रात दाखवायच्या पद्धतीचं. त्या चित्रांची आखणी बऱ्याचदा हजार निट्स (निट म्हणजे पडद्याच्या उजळपणाचं माप) उजेड धरून केलेली असते, आणि स्वस्त टीव्ही तीनशेच्या आसपास थकतात. एचडीआरच्या स्टिकरचा अर्थ एवढाच की तसं आलेलं चित्र टीव्हीला वाचता येतं. काळा खरोखर सुधारतो तो मागचे दिवे गटागटाने मंद करता आले तर. त्याला लोकल डिमिंग म्हणतात. आपल्या पैशांत ते कुठे मिळालं तर बाकी दोन सोयी सोडून घ्यावं.

स्मार्ट सोयींवर मी सर्वात कमी पैसे लावेन. दोन-तीन वर्षांत ॲप रखडायला लागली तर मागे ॲप चालवणारी एक छोटी स्टिक खोचता येते. पॅनल मात्र बदलता येत नाही.

दुकानात सगळे पांढरे रंग झगझगीत दिसतात त्यामागे आपल्या आज्यांना ठाऊक असलेली युक्ती आहे. धुतलेल्या धोतराला नीळ घातली की ते जास्त पांढरं भासतं. टीव्हीही दुकानातल्या मोडमध्ये पांढऱ्यात निळा मिसळतो. चित्रपट करणारे ज्या पांढऱ्यावर रंग ठरवतात तो ६५०० केल्विनचा (केल्विन हे पांढऱ्याच्या छटेचं माप), दुकानातल्यापेक्षा बराच उबदार. घरी आणल्यावर सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावला की पहिल्या संध्याकाळी सगळं पिवळट वाटतं. दोन-तीन दिवसांत डोळा सरावतो आणि माणसांची कातडी कातडीसारखी दिसायला लागते. तेवढे दिवस रिमोट लपवून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी ‘टीव्ही बिघडला’ म्हणून परत नीळ घालणार.