एसएसएल बसवले, तरी साइटमॅपमध्ये जुनेच पत्ते?

हळद-बेदाण्याच्या पेढ्या असोत की विश्रामबागेतले दवाखाने, सांगलीतल्या आपल्या बहुतेक ग्राहकांच्या साइट वर्डप्रेसवर आहेत. एसएसएल, म्हणजे साइटचा पत्ता ‘एचटीटीपी’वरून सुरक्षित ‘एचटीटीपीएस’वर नेणारे प्रमाणपत्र, बसले तरी साइटमॅप, म्हणजे गूगलसाठीची पानांची यादी, आपोआप बदलेलच असे नाही. जुने ‘एचटीटीपी’ पत्ते राहिले की गूगलला दर पानामागे एक हेलपाटा पडतो. साइट मात्र चालूच राहते, म्हणून महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही.

साइटमॅप उघडा, कंट्रोल-यू दाबून मूळ मजकूर पाहा आणि त्यात कंट्रोल-एफने ‘एचटीटीपी’, पुढे कोलन (:) आणि दोन तिरप्या रेघा (//), असे इंग्रजीत शोधा. ‘लॉक’ (loc) या खुणांमधले पत्तेच बदलायचे आहेत. वरच्या ‘एक्सएमएलएनएस’ ओळीतला साइटमॅप्स डॉट ऑर्गचा पत्ता ‘एचटीटीपी’च हवा! ती नियमाची ठरलेली खूण आहे, लिंक नव्हे. सरसकट फाइंड-रिप्लेस केले की तीही बदलते आणि सर्च कन्सोल, म्हणजे साइटमालकांसाठीचे गूगलचे साधन, नेमस्पेस (हीच खूण) चुकल्याची तक्रार करते. सर्वाधिक घोळ इथेच होतो.

यादी हाताने दुरुस्त करू नका. वर्डप्रेस ती दर वेळी नव्याने बनवते. आधी बॅकअप घ्या. मग सेटिंग्ज, जनरलमध्ये वर्डप्रेस अ‍ॅड्रेस आणि साइट अ‍ॅड्रेस, दोन्हींत ‘एचटीटीपीएस’ करा. रकाने फिकट दिसून बदलत नसतील तर ते पत्ते वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये (wp-config.php) पक्के लिहिलेले असतात. तेव्हा आम्हाला कळवा. शेवटी कॅशे, म्हणजे पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती, रिकामी करा.

तरीही जुनेच दिसले? मग सर्व्हरच्या मुख्य फोल्डरमध्ये कुणीतरी पूर्वी बनवून ठेवलेली साइटमॅपची फाइल पडलेली असू शकते. सर्व्हर आधी तीच दाखवतो. ती काढून टाका. रोबोट्सच्या फाइलमधली (robots.txt, सर्च इंजिनांसाठीच्या सूचना) साइटमॅपची ओळही बघून घ्या, ती हमखास विसरते.

साइट आणि वाचक यांच्या मधे बसणारी क्लाउडफ्लेअर सेवा वापरणाऱ्यांनी तिच्या एसएसएल सेटिंगमध्ये ‘फ्लेक्सिबल’ ऐवजी ‘फुल स्ट्रिक्ट’ निवडावे. नाहीतर साइट स्वतःकडेच वळत राहते आणि ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ येते. ‘फुल स्ट्रिक्ट’साठी सर्व्हरवरचे प्रमाणपत्र मुदतीत असले पाहिजे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे साधे प्रमाणपत्र 90 दिवसांचे असते.

सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप पुन्हा सादर करा. जुन्या पत्त्यांवरचे 301 वळण (नव्या पत्त्याकडे कायमचे वळवणे) मात्र किमान वर्षभर ठेवा. जुन्या बिलांवर, व्हॉट्सअ‍ॅपवर ते पत्ते अजून फिरत असतात.