गतिरोधकावर घासणारी गाडी आणि वळणावर घासणारी गाडी

यामाहा आर-१५ व्ही-४ आणि रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० या दोन्ही मोटरसायकलींचा ग्राउंड क्लिअरन्स माहितीपत्रकात १७० मिलिमीटर दिलेला असतो. तरीही घाटातल्या एकाच वळणात मीटिऑरचा फूटपेग (पाय ठेवायची दांडी) रस्त्याला टेकतो, तेव्हा आर-१५ला झुकायला अजून बरीच जागा उरलेली असते. आकडा तोच, मग फरक कुठून आला? तो १७० उभ्या गाडीचा आहे. वळणात गाडी उभी नसते.

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे सरळ उभ्या गाडीच्या पोटाखालच्या सर्वांत खालच्या भागापासून जमिनीपर्यंतचं अंतर. गतिरोधक, खड्डे, दगडगोटे यांच्यासाठी ते महत्त्वाचं. दोन चाकांतलं अंतर जास्त असेल तर लांब गाडी उंच गतिरोधकावर मधेच टेकते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

वळणावरच्या क्लिअरन्सचं गणित निराळं. इथे पोट घासत नाही. घासतात ते बाजूला आलेले भाग: फूटपेग, मेन स्टँड, सायलेन्सर, क्रॅश गार्ड. तो भाग जमिनीपासून किती उंच आहे, याच्याइतकंच तो मधल्या रेषेपासून किती बाहेर आहे, हेही मोजावं लागतं. समजा, पेगचं टोक ३०० मिमी उंचीवर आणि ३३० मिमी बाहेर आहे. अशी गाडी साधारण ४२ अंश झुकल्यावर टेकेल. पेग २० मिमी वर घेतला तर दोन अंश मिळतात, आणि उंची तीच ठेवून २० मिमी आत घेतला तरी जवळपास दोनच. मीटिऑरचे पेग पुढे आणि खाली आहेत, आर-१५चे मागे आणि उंच. सगळा फरक तिथे आहे. हार्ले-डेव्हिडसन आपल्या गाड्यांच्या तपशिलात डाव्या-उजव्या बाजूचा झुकावाचा कोन अंशांत वेगळा देते. आपल्याकडच्या प्रत्येक माहितीपत्रकात तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गाडी किती झुकेल हे वेगाच्या वर्गावर, म्हणजे वेग गुणिले वेग यावर ठरतं. २० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ३६ किलोमीटरला सुमारे २७ अंश लागतात, ४५ला ३८ ते ३९. वेग फक्त ९नं वाढला आणि झुकाव अकरा-बारा अंशांनी! त्यात झुकलेल्या गाडीत शॉकअपवरचा भारही वाढतो, ४० अंशांत सुमारे ३० टक्के. मागे माणूस आणि सामान असेल तर गाडी आधीच खाली बसलेली असते. ती ३० मिमी बसली की वरच्या हिशेबातले ४२ अंश ३९वर येतात. एकट्यानं जाताना कधीच न घासलेली गाडी डबलसीट असताना त्याच वळणात खरवडते, ती यामुळे.

म्हणून पहिला उपाय प्रीलोडचा, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच थोडी जास्त दाबून ठेवण्याचा, आणि तो फुकट आहे. मागच्या शॉकअपच्या खाचा गाडीबरोबर मिळालेल्या पान्यानं वाढवता येतात. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे सारख्याच. स्प्रिंग त्यानं कडक होत नाही, गाडी कमी खाली बसते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. डबलसीट घाटात निघण्याआधी पाच मिनिटं काढून हे करावंच.

ग्राउंड क्लिअरन्ससाठी सुचवलेले उपाय मात्र इथे नेहमी लागू पडत नाहीत. इंजिनाखाली बॅश प्लेट लावली तर पोटाला संरक्षण मिळतं, वळणात काही मिळत नाही. मागे जाड टायर टाकला तर उलटंच होतं. झुकल्यावर जाड टायरचा टेकणारा भाग मधल्या रेषेपासून जास्त सरकतो आणि त्याच वेगाला गाडी अधिक झुकवावी लागते. रुंद क्रॅश गार्डचं मला जास्त भय वाटतं. पेग घासला तर दुमडून वर जातो. गार्ड, स्टँड किंवा चेसिस दुमडत नाही. जोरात टेकला तर गाडीचा भार स्वतःवर घेऊन चाक रस्त्यावरून उचलतो. पेगच्या टोकाखालचा फीलर बोल्ट (सगळ्यांत आधी रस्त्याला टेकणारा खिळा) काढून एखादा अंश वाढतोही, पण आधी मिळणारी सूचना जाते. तो काढू नये.

उरलेलं काम चालवणाऱ्याचं. वळणाआधीच वेग कमी करा, आत थ्रॉटल हलका पण स्थिर ठेवा. मधेच तो सोडला तर पुढचा शॉकअप दबतो आणि होती ती जागाही जाते. धड वळणाच्या आतल्या बाजूला, किंचित पुढे न्यावं. एकूण वजनाचा मध्य आत सरकतो आणि गाडीला स्वतःला कमी झुकावं लागतं. गाडी खाली ढकलून आपण ताठ बसलो तर उलट होतं. ती पद्धत अरुंद जागेत हळू यू-टर्न घ्यायला ठीक.

घासल्याचे ओरखडे कोणत्या बाजूला आहेत तेही पाहावं. मधे उंच, कडेला उतरत्या रस्त्यावर आपण डावीकडून जातो, तेव्हा डाव्या वळणाला उताराची मदत मिळते. उजव्या वळणात रस्ता आतल्या बाजूला चढत जातो आणि तोच झुकाव असूनही गाडी लवकर टेकते. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सरही उजवीकडेच असतो. घाटातल्या ज्या उजव्या वळणाला बाहेरून उंचावा दिलेला नाही, तिथे वेग डाव्या वळणापेक्षा कमीच ठेवावा लागतो.