पाणी आगीवर नाही, दारावर

गेल्या मार्चमध्ये रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला वणवा लागला. दुपारचे खारे वारे सुटले होते. आग चढण चढत घरांकडे निघाली. चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर ओणवी होते आणि ते आधीच तापवून ठेवते, म्हणून वेग वाढतो. अग्निशमन दलाचा बंब शेवटच्या घरापाशी थांबला आणि जवानांनी पाणी मारलं ते दारावर, वाशांवर, पडवीच्या खांबांवर. "अहो, आगीवर मारा ना!" लोक ओरडत होते. जवानांचंच बरोबर होतं.

लाकूड पेटायला त्याचा पृष्ठभाग साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. त्यावर पाणी आहे तोवर तो १०० च्या पुढे जातच नाही. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला ७० कॅलरी पुरतात. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. शाळेत पाठ केलेला बाष्पनाचा अप्रकट उष्मा तो हाच! आता हिशेब करा. एक चौरस मीटर दारावर, लाकडात मुरलेलं धरून, अर्धा मिलिमीटर पाणी म्हणजे अर्धा लिटर. त्याची वाफ व्हायला ३०५ किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १,२७५ किलोज्यूल हवेत. जवळच्या ज्वाळांची धग चौरस मीटरला २० किलोवॅट धरली, तर ६४ सेकंद लागतात. वाळलं गवत एका जागी मिनिटभरही जळत नाही. अर्धा लिटर पाणी तेवढा वेळ निभावून नेतं. मात्र ते ऐनवेळी मारावं लागतं, तासभर आधी मारलं तर उन्हावाऱ्याने उडून जातं.

अमेरिकी वनसेवेतले जॅक कोहेन यांनी कॅनडाच्या जंगलात मुद्दाम आग लावून लाकडी भिंती तपासल्या. ३० मीटरवरच्या भिंती पेटल्या नाहीत. मग दूरची घरं का जळतात? ठिणग्यांमुळे. ठिणगीत उष्णता थोडीच असते. जाड खांबात ती आत पसरून जाते, पण पातेऱ्याचं पातळ पान क्षणात तापतं. कौलांच्या फटी, पन्हळीतला पातेरा, घराला टेकलेली पेंढ्याची उडवी, ही आगीची दारं.

बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, असं अजून सांगितलं जातं. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. डोंगर जाळल्याने गवताचं भलंच होतं, हा समजही सोडायला हवा: नत्र धुरात जातं आणि उघड्या उतारावरची राख पहिल्या पावसात वाहून जाते.

ज्वाळा पुढे सरकल्या तरी बंब हलला नाही. एक जवान शिडीवर चढून कौलं उचलून पाहत होता आणि रिपांमधला पातेरा हाताने ओढून खाली टाकत होता.