घरगुती अंडी उबवणीतील अपयश

फलित कोंबडीची अंडी इन्क्युबेटरमध्ये 21 दिवस ठेवूनही पिल्ले बाहेर न येणे, किंवा मोजकीच येणे, म्हणजे उबवणीतील अपयश. कारण शोधायचे तर न फुटलेली अंडी फेकू नयेत. 23व्या दिवशी रुंद टोकाकडून एकेक फोडून पाहावीत. पिल्लू साधारण कधी मेले हे कळले, की दोष अंड्यात होता, साठवणीत होता की यंत्रात, हे बहुतेकदा उलगडते. वास येणारी किंवा पाझरणारी अंडी मात्र न फोडता पुरावीत. ती हातात फुटतात.

आत नुसता बलक आणि पांढरे असेल तर अंडे बहुधा फलितच नव्हते. देशी कळपात 8 ते 10 कोंबड्यांमागे एक कोंबडा लागतो आणि नवा कोंबडा सोडल्यावर दोन आठवड्यांनी अंडी गोळा करणे बरे. दुकानातली लेअर फार्मची अंडी उबवण्यात अर्थ नाही, तिथे कोंबडाच नसतो.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा न दिसता लाल कडे दिसले, तर गर्भ पहिल्या काही दिवसांत गेला. याचे मूळ अनेकदा यंत्रात जाण्याआधीच असते. साधारण 21 अंश सेल्सिअसच्या वर गर्भ मंदगतीने वाढू लागतो. विदर्भात मे महिन्यात खोलीत आठवडाभर पडून राहिलेले अंडे अर्धवट वाढून कमकुवत होते. साठवण 15 ते 18 अंशांना, टोकदार बाजू खाली ठेवून, जास्तीत जास्त 7 दिवस करावी. अशी थंड जागा नसेल तर दोन-तीन दिवसांतच अंडी यंत्रात ठेवावीत.

मधल्या आठवड्यातली मर एरवी कमीच असते. ती वाढली तर कोंबड्यांचा आहार तपासावा, विशेषतः जीवनसत्त्व बी-2. नुसत्या कण्या-मक्यावर ते भागत नाही.

घरगुती यंत्रात सर्वाधिक घोळ होतो तो शेवटच्या तीन दिवसांत. पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच मेलेले सापडते, आणि इथे खरी गोष्ट आर्द्रतेची असते. 18 दिवसांत कवचातून पाणी उडून अंड्याचे वजन 11 ते 13 टक्के घटायला हवे. 50 ग्रॅमची 10 अंडी, म्हणजे 500 ग्रॅम, सातव्या दिवशी 477च्या आसपास आणि 18व्या दिवशी 440च्या आसपास भरली पाहिजेत. वजन कमी घटले तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू ओले, सुजलेले, जणू बुडाल्यासारखे मरते. कोकणात जुलैत बाहेरची हवाच इतकी दमट असते, की पहिले 18 दिवस ताटलीत पाणी न ठेवणेच बरे. उलट कोरड्या हवेत आतला पडदा वाळून पिल्लाला चिकटतो आणि त्याला वळता येत नाही. सर्वसाधारणपणे आधी 45 ते 55 टक्के आणि 18व्या दिवसानंतर 65 ते 70 टक्के आर्द्रता ठेवतात. त्याच दिवशी अंडी फिरवणेही थांबवायचे; तोवर दिवसातून किमान तीनदा फिरवणे चुकवू नये, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो.

स्वस्त आर्द्रतामापकावर भरवसा ठेवू नये. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याच्या थेंबांनी फक्त ओलसर करावे आणि मापकासह हवाबंद पिशवीत 8 तास ठेवावे. आकडा 75 दिसला पाहिजे. तापमापी ताप मोजण्याच्या थर्मामीटरशी पडताळून घ्यावी. पंखा असलेल्या पेटीत 37.5 अंश हवेत. नुसत्या बल्बच्या थर्माकोल पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीला 38.5 च्या आसपास. पिल्ले 20व्या दिवशीच निघाली आणि बेंबी उघडी असेल तर उष्णता जास्त होती; 22व्या-23व्या दिवशी मलूल निघाली तर कमी.

लोडशेडिंगला लोक उगाच घाबरतात. वीज गेल्यास पेटीवर गोधडी टाकावी. एक-दोन तास थंड झालेली अंडी सहसा सावरतात. 40 अंशांच्या वर गेलेली मात्र फार लवकर मरतात. शेवटच्या दिवसांत पिल्ले स्वतःच उष्णता सोडतात आणि त्यांना प्राणवायूही जास्त लागतो, तेव्हा गोधडी टाकली तरी भोके बुजवू नयेत. कवचाला पहिली चीर पडल्यापासून बाहेर यायला 12 ते 24 तास लागतात. या काळात झाकण उघडून पाहणे टाळावे: ओलावा क्षणात निघून जातो आणि अर्धवट चिरलेल्या अंड्यांतला पडदा वाळतो. कवच सोलून मदत करायचीच झाली तर 24 तासांनंतर, आणि पडद्यात ताज्या रक्ताच्या शिरा दिसल्या तर तिथेच थांबावे.