अर्धवट राहिलेली पदवी सोलापुरात राहून पूर्ण करायची असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि त्यांचा क्रम

चाळिशीत पदवी पूर्ण करायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो फीचा. फी नंतर बघू. आधी कपाटातली जुनी फाईल काढा आणि मार्कशीटच्या माथ्यावर कोणत्या विद्यापीठाचं नाव छापलंय ते वाचा. पुढचं सगळं त्या एका ओळीवर ठरतं.

सोलापूरकरांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. सोलापूर विद्यापीठ सुरू झालं १ ऑगस्ट २००४ ला. त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे १९९९ ला बी.कॉम. भाग २ करून कुणी सोडलं असेल, तर कॉलेज घरापासून चालत दहा मिनिटांवर असलं तरी परीक्षेचं रेकॉर्ड कोल्हापुरात. डुप्लिकेट मार्कशीट, स्थलांतर प्रमाणपत्र, जे काही लागेल ते तिथून. आणि मार्कशीटवर नुसतं 'सोलापूर विद्यापीठ' असेल तर घाबरायचं कारण नाही. २०१९ मध्ये 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' असं नामांतर झालं. विद्यापीठ तेच, केगावलाच.

आता तुमचं नेमकं काय राहिलंय ते बघा. शेवटच्या वर्षाचे दोन-तीन विषयच राहिले असतील तर नवीन प्रवेशाच्या मागे लागू नका. आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन तुमचा अभ्यासक्रम अजून जिवंत आहे का ते विचारा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, धोरणानुसार पदवीच्या मूळ मुदतीवर २ वर्षं जास्त मिळतात, फारच अडचण असेल तर आणखी १. तीन वर्षांच्या पदवीला म्हणजे ५, ताणून ६. ही मुदत संपली तरी कधीकधी विद्यापीठं जुन्या विद्यार्थ्यांना खास संधी जाहीर करतात, जुन्या विषयाला नवा समकक्ष विषय ठरवून देतात. ते परिपत्रक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागतं आणि पंधरा दिवसांत फॉर्मची तारीख निघून जाते. तेव्हा ऑफिसातल्या कुणाला तरी तुमचा नंबर देऊन ठेवा.

एक जागा हमखास नजरेतून सुटते. २००३-०४ नंतर पदवीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला. मुख्य विषय सगळे सुटले, पर्यावरण द्यायचं राहिलं आणि पदवी अडकली, अशी माणसं मी पाहिली आहेत. 'तो काय, साधा पेपर' म्हणून सोडलेला असतो.

मधेच शिक्षण सोडून पंधरा-वीस वर्षं झाली असतील, तर मात्र खरा रस्ता नव्या प्रवेशाचा. अलीकडेच, नव्या शैक्षणिक धोरणात शिकत असताना सोडलं असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे जमा होणारे श्रेयांक) आणि ४ क्रेडिटचं व्यावसायिक काम पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्याला ३ वर्षांच्या आत परत येता येतं, आणि एकूण ७ वर्षांत पदवी पुरी करता येते. तुमचे क्रेडिट 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' (एबीसी) या ऑनलाइन खात्यात जमा आहेत का ते बघा. जुन्या वार्षिक पद्धतीचे मार्क मात्र त्या बँकेत नसतात. तिथे शोधून निराश होऊ नका.

नोकरी किंवा दुकान सांभाळून शिकायचं तर नेहमीच्या कॉलेजात हजेरीचं काय करणार? ७५ टक्के हजेरी दुपारच्या शिफ्टवाल्याला जमत नाही. म्हणून सोलापुरातले बहुतेक जण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे वळतात. १९८९ ला नाशिकला स्थापन झालेलं. प्रवेश ऑनलाइन, शिकवणी जवळच्या अभ्यासकेंद्रावर. वयाची वरची अट नाही. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी यूजीसीच्या नियमानुसार नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय, कारण 'ओपनची डिग्री चालत नाही' असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो.

बारावीच झालेली नसेल तर आधी ती करा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. दहावी होऊन २ वर्षं झालेली असली पाहिजेत. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळाकडे येतो.

आता कागद. दहावी-बारावीच्या मार्कशीट, जितकी वर्षं केली तितक्या पदवीच्या मार्कशीट, कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, मधल्या वर्षांसाठी खंड प्रतिज्ञापत्र (सगळे त्याला गॅप म्हणतात), आधार, फोटो, सही. राखीव प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला. यादी छोटी आहे, पण क्रम चुकला की फेऱ्या वाढतात.

माझंच सांगते. मी स्थलांतर प्रमाणपत्रासाठी पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला गेले. खिडकीवर अर्ज दिला, तर त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का नव्हता. चूक माझीच, अर्जाच्या मागच्या बाजूला स्पष्ट लिहिलेलं होतं. हॉटेलात मिसळ खाल्ली आणि परतीची गाडी धरली. पुढच्या आठवड्यात कॉलेजात गेले तेव्हा क्लार्क मावशींनी कपाटातून लाल कापडात बांधलेलं जनरल रजिस्टर काढलं आणि विचारलं, "बाई, तुमचा जनरल रजिस्टर नंबर काय?" मला कुठला आठवायला! शेवटी प्रवेशाचं वर्ष आणि वडिलांचं नाव सांगून पान सापडलं. तो नंबर जुन्या दाखल्यावर किंवा बोनाफाईडवर असतो. लिहून ठेवला असता तर अर्धी सकाळ वाचली असती.

नावाचं प्रकरण याहून चिवट. लग्नानंतर आडनाव बदललं, आधारवर सासरचं, मार्कशीटवर माहेरचं. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत तर आडनाव कधी आधी, कधी शेवटी. इंग्रजीत 'लक्ष्मी' एका कागदावर एक्सनं, दुसऱ्यावर केएसनं. माणूस त्यातला फरक समजून घेतो, संगणक घेत नाही. विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद दोन्ही हाताशी ठेवा. पदवीवर कोणतं नाव हवं ते प्रवेशाच्या वेळीच ठरवा. नंतर बदलणं जास्त खर्चिक.

ऑनलाइन भागाची साखळी अशी: आधारला मोबाइल जोडलेला हवा, तो असेल तर डिजिलॉकर उघडतं, डिजिलॉकरमधून एबीसी आयडी मिळतो, आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी त्यावरून यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा (डीईबी) डेब आयडी काढावा लागतो. २०२४ पासून तो सक्तीचा आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा बंद पडलेला नंबर आधारला असेल तर प्रवेशाची शेवटची तारीख यायच्या बरीच आधी आधार केंद्र गाठा. शेवटच्या आठवड्यात तिथे किती गर्दी असते ते सांगायला नको.

पूर्वी केलेल्या वर्षाची सूट मिळून थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी 'होईल हो' वर पैसे भरू नका.

मार्कशीट हरवली असेल तर पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि कॉलेजमार्फत डुप्लिकेट प्रतीचा अर्ज. प्रतिज्ञापत्राला किती रुपयांचा मुद्रांक लागेल ते जिथे द्यायचं त्याच खिडकीवर विचारा, सेतूच्या बाहेर बसलेल्या माणसाला नको.

शेवटचा निकाल लागला की बरेच जण पेढे वाटून मोकळे होतात आणि पदवी घ्यायचं विसरतात. उत्तीर्ण झाल्यावर पदवी आपोआप घरी येत नाही. दीक्षांत समारंभाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची फी वेगळी आणि तारीखही वेगळी. तोवर बढतीसाठी किंवा बी.एड.साठी कागद लागला तर तात्पुरतं उत्तीर्ण प्रमाणपत्र मागा. आणि पदवी हातात पडली की लगेच नवी पेठेत जाऊन लॅमिनेशन करून आणू नका. पुढे कुठे त्या मूळ कागदाच्या मागे पडताळणीचा शिक्का मारायचा झाला तर तो प्लॅस्टिकवर उमटत नाही. माझी दहावीची मार्कशीट मी स्वतः कात्रीनं कोपऱ्यापासून सोलून काढलीय, अजून एका बाजूचे मार्क पुसट आहेत.